फाडणीच्या पिशवीतला आकडा

मूस मारणं सोपं आहे. घोड्याहून थोराड असं हे हरीण आडवं पडल्यावर खरं काम सुरू होतं, आणि ते काम कसं होणार हे पिशवीत काय आहे त्यावर ठरतं. गेली सदतीस वर्षं आमच्या घरातली ही पिशवी मी भरते. ऑर्विल, माझा नवरा, बंदुकीला तेल लावतो, होडीच्या इंजिनाशी भांडतो आणि नदीवर गेल्यावर नुसता हात मागे करतो. त्या हातात मी सुरी ठेवायची. सुरी कुठून आली, धार कोणी लावली, हे त्याने कधी विचारलेलं नाही.

या वर्षी सप्टेंबरच्या वीस तारखेला सकाळी मी स्वयंपाकघरातलं टेबल रिकामं केलं आणि पिशवी भरायला घेतली. हंगाम संपायला पाच दिवस उरले होते. ऑर्विल खिडकीशी बसला होता, डावा हात मांडीवर ठेवून. मार्चमध्ये त्याला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, तोंड सावरलं, जीभ तर नको तेवढी सावरली. पण डावा हात काही पुरता परत आला नाही. खांद्यापासून हलतो, पण बोटांनी पातेल्याचं झाकणसुद्धा धरता येत नाही.

"कोणासाठी भरतेस?" त्याने विचारलं.

"मूससाठी."

"आपण जाणार नाही आहोत. सांगितलंय तुला."

"सांगितलंस. ऐकलं मी."

आणि मी भरत राहिले.

झालं होतं असं, की ऑगस्टमध्ये त्याने अँकरेजला आमच्या लेकीला फोन करून परस्पर सांगून टाकलं, की नदी गोठायच्या आत आम्ही दोघं तुझ्याकडे राहायला येतो. शेरिलच्या घराखाली तळघरात एक खोली आहे, तिथे. इथलं घर बंद, होडी विकायची, कुत्रा शेजारच्या लेस्टरला द्यायचा. ज्या माणसाला वर्षाचं मांस घरी आणता येत नाही त्याने इथे राहून करायचं काय, असं त्याचं म्हणणं. मला विचारलंही नाही. मी तीन दिवस त्याच्याशी बोलले नाही, आणि चौथ्या दिवशी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शेरिल गुणाची पोर आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण त्या तळघराच्या खिडकीतून शेजाऱ्याच्या गाडीची चाकं दिसतात, बाकी काही नाही. मी कशीबशी राहिले असते. ऑर्विल तिथे दोन हिवाळे टिकला नसता, हे मला माझ्या नावाइतकं पक्कं माहीत होतं. एकदा नदीवर जाऊन तो पुन्हा कामाला लागला, तर त्याचं मन फिरेल, एवढी एकच आशा होती. म्हणून पिशवी भरत होते.

आणि या वर्षी ती वेगळी भरायची होती. पाती बदलायच्या सुऱ्या मी बाजूला काढल्या, कारण पातं बदलायला दोन हात लागतात. त्याऐवजी दोन साध्या, आखूड पात्याच्या सुऱ्या घेतल्या आणि मुठींना हॉकीच्या काठीला लावतात ती चिकटपट्टी गुंडाळून त्या जाड केल्या. दोरांच्या टोकांना आधीच फास बांधून ठेवले, म्हणजे तिथे गाठ मारायला नको. दोन कप्प्या, हाडं कापायची करवत, ताडपत्री. मांस भरायला जुन्या चादरींच्या शिवलेल्या आठ पिशव्या; त्यांतून वारा जातो, माशी जात नाही. मांसावर माशा बसू नयेत म्हणून लिंबूसताचं पाणी, फवाऱ्याच्या बाटलीत. हातमोजे, मलमपट्टी, धुरावलेला सामन मासा, चॉकलेट.

आणि आकडा. शिवण उसवायचं हत्यार असतं ना, त्याचा हा थोरला भाऊ. टोक बोथट, धार आतल्या बाजूला. कातड्याला लहानसं भोक पाडायचं, आकडा अडकवायचा आणि एका हाताने ओढत न्यायचा. आतड्याला धक्का लागत नाही. फेअरबँक्सच्या दुकानातून मी तो जूनमध्येच आणला होता आणि पिठाच्या डब्यामागे लपवला होता.

कारण पोट उघडणं ही ऑर्विलची कला होती. डाव्या हाताची दोन बोटं कातड्याखाली घालून कात्रीसारखी फाकवायची, कातडं वर उचलून धरायचं, आणि त्या दोन बोटांमधून, धार वरच्या बाजूला करून, उजव्या हाताने सुरी सरकवायची. बोटं पुढे, सुरी मागे. सुरीचं टोक चुकून खाली गेलं की आतडं फाटतं, आतला सगळा ऐवज मांसावर सांडतो आणि मग वर्षभर प्रत्येक घासाला तो वास. ऑर्विलच्या हातून असं एकदाही झालेलं नाही. गावातल्या कोणाचा मूस पडला की लोक त्याला न्यायला होडी पाठवायचे. या वर्षी एकही होडी आली नव्हती. लोकांनी त्याच्या भल्यासाठीच पाठवली नाही, पण त्याच्या जिवाला ते लागलं होतं.

तो उठून टेबलापाशी आला. सगळ्या वस्तूंवरून त्याची नजर फिरली आणि आकड्यावर थांबली.

"हे काय?"

"आकडा."

"हे टुरिस्ट लोक वापरतात."

"एका हाताची माणसंपण वापरतात," मी म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला. बोलून गेले आणि लगेच वाटलं, ती चावायला हवी होती.

त्याने तो उचलून बघितला. आकडा होता तिथे ठेवला आणि लाकडं रचायला बाहेर गेला. एका हाताने लाकडं रचणाऱ्या माणसाकडे खिडकीतून बघू नये, म्हणून मी खिडकीकडे पाठ केली.

दुपारी लेस्टर आला. लेस्टर सत्तरीचा आहे. त्याची माणसं या नदीवर कधीपासून आहेत ते नदीलाच ठाऊक. मूस मारायला जातो असं तो कधीच म्हणत नाही. तसं बढाईने बोललं तर मूसला कळतं आणि तो येत नाही, असं त्याच्या घरात मानतात.

"उद्या नदीवर जरा चक्कर मारून येईन म्हणतो," तो कॉफी ओतून घेत म्हणाला. "पण ऑर्विल, माझी पंचाईत झालीय. पुढचा दात काढला. मादीच्या आवाजात हाक मारायला गेलो की नुसती हवा जाते."

"मग शिट्टी मार."

"तू चल ना. बंदूक घेऊ नकोस, काही उचलू नकोस. राजासारखा होडीत बस आणि हाक मार."

"मी नाही जात."

"मॅव्हिस, हा तुला कधी इतक्या गोड आवाजात हाक मारतो का गं, जितक्या गोड आवाजात मूसला मारतो?"

"मला हाक मारतो तेव्हा कुत्रा आत येतो," मी म्हणाले.

ऑर्विलला हसू आलं. मार्चनंतर तो हसला की तोंडाचा एक कोपरा जरा उशिरा पोचतो. पण पोचतो.

"नुसती हाक," तो म्हणाला. "बाकी कशाला हात लावणार नाही." सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं त्याचं. पण मला तेवढंही पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता निघालो. होडी लेस्टरची. दोन तास वर गेल्यावर नदीचा एक फाटा आत शिरतो, तिथे पाणी उथळ होतं. होडी वाळूवर लावून आम्ही चालत आत गेलो. बर्चची पानं पिवळी झाली होती, अर्धी खाली, अर्धी वर. ऑर्विल एका ओंडक्यावर बसला. पूर्वी दोन्ही हातांचा कर्णा करायचा, आता एकाचाच केला आणि मादीची हाक दिली. लांबलचक, कण्हल्यासारखी. मग थांबला. मग पुन्हा.

साडेनऊच्या सुमाराला पलीकडून झाडोरा मोडल्याचा आवाज आला. नर होता, थोराड, आणि प्रेमात पडलेला. थेट ऑर्विलकडेच निघाला होता. बंदूक माझ्याकडे होती.

"पाण्यात नको," ऑर्विल कुजबुजला. "वर येऊ दे. येऊ दे. आता."

मी गोळी झाडली. तो चाळीस पावलं गेला आणि विलोच्या झुडपांत कोरड्या जमिनीवर बसल्यासारखा पडला.

लेस्टर त्याच्या डोक्याशी गुडघे टेकून बसला, आपल्या भाषेत हळूच काहीतरी बोलला. मग उठून कपडे झटकले. "होडी वरच्या वळणाने फिरवून या दलदलीच्या काठापर्यंत आणतो. नाहीतर एवढं मांस वाळूपर्यंत पाठीवर न्यावं लागेल. दोन तास लागतील," तो म्हणाला. जाताना त्याने माझ्याकडे बघितलं. खरंच दोन तास लागणार होते की नाही, ते मी त्याला अजून विचारलेलं नाही.

शिकारीच्या सरकारी तिकिटावरचा महिना आणि तारीख मी सुरीने कापून काढली. ते आधी, बाकी सगळं नंतर. मग दोर काढले. बाराशे पौंडांचं जनावर उताणं करायचं म्हणजे खेळ नाही. मी पायांत फास अडकवले, कप्प्या झाडांना लावल्या, आणि ऑर्विलने, कशालाही हात न लावणाऱ्या ऑर्विलने, दोर बर्चच्या बुंध्याला एक वेढा देऊन कमरेला घेतला आणि मागे रेलला.

"हे फास कोणी बांधले?" तो धापा टाकत म्हणाला.

"उंदरांनी."

"बरे बांधलेत."

पाय दोन्ही बाजूंना ताणून बांधले. मी पिशवी उघडली आणि आकड्यासाठी हात घातला. आकडा नव्हता. मी सगळी पिशवी ताडपत्रीवर उलटी केली. एकेक वस्तू दोनदा उचलून बघितली. सदतीस वर्षांत माझ्या पिशवीत काही राहून गेलेलं नाही. ऑर्विल नदीकडे तोंड करून उभा होता.

"ऑर्विल."

"चमच्यांच्या खणात आहे."

"काय?"

"काल काढून ठेवला मी. म्हटलं, पोट उघडायचं तर लेस्टर उघडेल, त्याला काय करायचाय तो. आणि..." तो थांबला. "माझ्या घरातल्या पिशवीत ते निघालेलं मला कोणाला दिसायला नको होतं."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मला इतका राग आला की मी एक शब्दही बोलले नाही, आणि मी गप्प बसले की ऑर्विल घाबरतो. ऊन वर आलं होतं, अंगातलं जॅकेट काढावं लागलं होतं. अशा उन्हात मूसचं पोट बघता बघता फुगतं. आतली ऊब बाहेर काढली नाही तर हाडाजवळचं मांस नासतं. लेस्टरची वाट बघत बसणं शक्य नव्हतं.

"तू कर," ऑर्विल म्हणाला. "तुला येतं."

ते खरं होतं. इतकी वर्षं शेजारी उभी राहून बघितलेलं. दोन हात धड होते, सुरीला धार होती. अर्ध्या तासात मी पोट उघडलं असतं. आणि तो त्या ओंडक्यावर बसून मला बघत राहिला असता, आणि नोव्हेंबरमध्ये आम्ही दोघं गाडीची चाकं बघत बसलो असतो.

मी जाड मुठीची सुरी उचलली आणि त्याच्या उजव्या हातात दिली.

"भोक पाड," मी म्हणाले. "डावा हात माझा."

"म्हणजे?"

"म्हणजे माझी बोटं आत, तुझी सुरी मागे."

"वेड लागलंय तुला? हात थरथरला तर?"

"मग थरथरू देऊ नकोस."

मी छातीच्या हाडाखालचं कातडं चिमटीत धरून वर ओढलं, गुडघे टेकले आणि वाट बघितली. शेवटी तोही शेजारी बसला. त्याच्या गुडघ्यांचा आवाज झाला. त्याने बेतानं भोक पाडलं, आणि मी माझी दोन बोटं त्या गरम अंधारात घातली.

"उचल," तो म्हणाला. "अजून. आता पुढे सरक. थांब."

सुरीची पाठ माझ्या बोटांच्या मध्ये घासत होती. कातडं उसवत होतं, वाफ वर येत होती. आमची डोकी एकमेकांना लागत होती. "पुढे. उचल. खाली नको दाबू, उचल म्हणतो ना." तो माझ्यावर डाफरत होता. सहा महिने हा माणूस माझ्याशी पाहुण्यासारखं नमतं घेऊन बोलत होता, आणि आता डाफरत होता. मला इतकं बरं वाटलं, सांगता येत नाही.

अर्धं झालं असेल. तिथे कातड्यात जुन्या जखमेचा घट्ट वण होता. सुरी अडली, त्याने जोर लावला, वण एकदम सुटला आणि पातं माझ्या बोटावर आलं. पातळ मोजा फाटला. रक्त आलं, मूसचं नव्हे, माझं.

ऑर्विलने सुरी टाकली. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"संपलं," तो म्हणाला. "बघितलंस? हेच म्हणत होतो मी. माझ्यात आता काही राहिलेलं नाही, मॅव्हिस. माझ्यामुळे तुझं बोट गेलं असतं."

मी बोट बघितलं. अर्ध्या इंचाचं होतं, खोल नव्हतं. पाण्याने धुतलं, दातांनी पट्टी ओढून बांधली, वर नवा मोजा चढवला.

"गेलं नाही. आणि गेलं असतं तरी नऊ उरली असती," मी म्हणाले. "चल."

तो हलला नाही. डाव्या हाताकडे बघत बसला. तेव्हा मला रागही आला आणि रडूही आलं, आणि मी जे मनात होतं ते बोलून टाकलं.

"मला अँकरेजला जायचं नाही. मला तुझ्याशिवाय इथेही राहायचं नाही. तू तिथे गेलास की खुर्चीत बसशील आणि परत उठणार नाहीस, आणि मी ते बघायचं. त्यापेक्षा बोट गेलेलं परवडलं. उचल ती सुरी, ऑर्विल. मांस नासतंय."

मग त्याने सुरी उचलली, पँटला पुसली, आणि धार अंगठ्यावर तपासली.

"कुठे होतो आपण?" तो म्हणाला.

मी बोटं आत घातली. आता तो घाई करत नव्हता. वण आला की थांबायचा, टोक तिरकं करायचा, मग पुढे. त्याचा हात थरथरला तेव्हा त्याने मनगट माझ्या मनगटावर टेकवलं आणि तसंच ठेवलं. शेवटपर्यंत तसंच नेलं. पोट उघडलं तेव्हा आतडी आत अखंड, चकचकीत पडलेली होती. एक ओरखडासुद्धा नव्हता. मग त्याने बाही वर केली, खांद्यापर्यंत हात छातीत घातला, न बघता वरची श्वासनळी कापली, आणि आम्ही दोघांनी मिळून सगळं बाहेर ओढलं.

लेस्टर आला तेव्हा मागच्या दोन तंगड्या पिशव्यांत घालून झाडाला टांगलेल्या होत्या. तो वाकला, आत डोकावला, वास घेतला, कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"कोणी उघडला?" त्याने विचारलं.

"दिसत नाही का?" ऑर्विल म्हणाला. "बडबड कमी कर आणि बरगड्या धर."

दुपारभर आम्ही मांस वाहिलं. शिंगं सगळ्यांत शेवटी न्यायची, मांसाचा शेवटचा तुकडा होडीत गेल्यावर. कायदाही तोच आहे आणि रीतही. मी नि लेस्टर तंगड्या नेत होतो. ऑर्विल काळीज आणि जीभ भरलेली पिशवी खांद्यावर टाकून आमच्या पुढे चालला होता, आणि पाऊल कुठे टाकायचं ते आम्हाला ओरडून सांगत होता, जसं काही आम्ही आयुष्यात पहिल्यांदाच दलदल बघत होतो.

शेवटच्या खेपेनंतर मी ताडपत्रीवर गुडघे टेकून सुऱ्या पुसत होते. तो माझ्यासमोर उभा राहिला. चेहऱ्यावर रक्त, कपाळावर घाम, कपाळाला आठ्या.

"एक सांगू?" तो म्हणाला. "पुढच्या वर्षी बोटं जरा जास्त फाकवत जा. फार अरुंद धरतेस. म्हणून अडकलं ते."

मी सुरीकडे बघत राहिले. मान वर केली असती तर तिथेच बांध फुटला असता. पुढच्या वर्षी, म्हणाला तो. त्याच्या लक्षातही आलं नव्हतं काय बोलला ते, आणि मला ते लक्षात आणून द्यायचं नव्हतं. पण डोळ्यांना कोण अडवणार.

तो वाकला. "काय गं, बोट दुखतंय?"

"हो," मी म्हणाले. "दुखतंय खूप."